जुनी एलपी नेमकी कधीची? लेबलवरून काळ ओळखणाऱ्यांसाठी धागा

खरखर (धागालेखक):
नमस्कार मंडळी. जुन्या एलपींचा एक गठ्ठा हाती लागलाय, आणि सध्या मी संगीत कमी ऐकतोय, तबकडीच्या मधला गोल कागदच जास्त न्याहाळतोय. कव्हरवर साल असतं ते अल्बम पहिल्यांदा आला तेव्हाचं. माझ्या हातातली प्रत त्याच साली निघाली की पंधरा-वीस वर्षांनी, ते त्यावरून कळत नाही. जाणकार म्हणे लेबल बघून सांगतात. मला तीन तबकड्यांची कुंडली मांडून हवी आहे.

पहिली जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू'. अल्बम १९५९ चा. लेबल लाल, आणि कडेकडेने 'कोलंबिया' हा शब्द पिवळट नारिंगी अक्षरांत गोल फिरलाय. दुसरी बीटल्सची 'प्लीज प्लीज मी', काळ्या लेबलवर पिवळ्या अक्षरांत पार्लोफोन हे कंपनीचं नाव. तिसरी रशियन, मेलोदिया कंपनीची. लिपी वाचता येत नाही, पण ५२८९-७३ असा आकडा दिसतोय. म्हणजे १९७३ ची, बरोबर?

फोटो चढवायचा प्रयत्न केला, चढत नाहीत. वर्णनावर भागवा.

गोगलगाय:
वाचनखूण साठवली. माझ्याकडेही असाच गठ्ठा पडून आहे. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

साडेतेहतीस:
पहिली सोपी आहे, तिच्यापासून सुरू करतो. अमेरिकन कोलंबियाच्या १९५५ ते १९६२ मधल्या लेबलवर डाव्या-उजव्या बाजूला डोळ्यासारखी तीन-तीन चिन्हं असायची. संग्राहक त्याला 'सिक्स-आय' म्हणतात. १९६२ मध्ये डोळे दोनच उरले. त्या 'टू-आय' लेबलच्या स्टिरिओ प्रतींवर खाली '३६० साउंड' असे, १९६५ च्या सुमारापर्यंत काळ्या अक्षरांत आणि पुढे पांढऱ्या. १९७० मध्ये हे दोन डोळेही गेले आणि तुम्ही सांगताय ते, नाव गोल फिरणारं लेबल आलं.

तेव्हा तुमची प्रत १९५९ ची नाही. १९७० किंवा त्यानंतरची. किती नंतरची, हे सांगायला एवढं लेबल पुरत नाही, कारण तेच डिझाइन पुढे वर्षानुवर्षं चाललं. लेबलची साक्ष नेहमी एकाच बाजूची असते: 'याच्या आधीची नाही' एवढं ते सांगतं, वरची मर्यादा दुसरीकडून शोधावी लागते. कव्हरच्या कण्यावर नंबराआधी 'सीएस' आहे की 'पीसी'? मागे बारकोड आहे का? बघून सांगा.

टवाळ भुंगा:
आधी सहा डोळे, मग दोन, मग एकही नाही. कोलंबियाची तब्येत उत्तरोत्तर ढासळलेली दिसते.

रात्रपाळी:
मेलोदिया ७३ ची. आकडाच सांगतोय की.

मंद्रसप्तक:
लेबलवर फार विसंबू नये असं माझं मत आहे. प्रेसिंगच्या, म्हणजे तबकड्या दाबून काढण्याच्या, कारखान्यात लेबलांचे गठ्ठे आधीच छापून ठेवलेले असतात. डिझाइन बदललं म्हणून शिल्लक गठ्ठे कोणी फेकून देत नाही, संपेपर्यंत वापरतात. एका बाजूला जुनं आणि दुसऱ्या बाजूला नवं लेबल अशाही तबकड्या निघाल्या आहेत.

शेवटचं गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जो गुळगुळीत पट्टा उरतो, ज्याला डेड वॅक्स म्हणतात, तिथले कोरलेले किंवा ठोकलेले आकडे वाचा. 'लेड झेपेलिन टू' हा अल्बम घ्या, १९६९ चा. रॉबर्ट लडविग या तंत्रज्ञाने केलेलं पहिलं कटिंग (मूळ तबकडीवर आवाजाची खाच कोरणं) इतकं जोरकस होतं की साध्या प्लेअरवर सुई उडायला लागली, आणि अटलांटिक कंपनीने लगेच सौम्य कटिंग बाजारात आणलं. दोन्ही प्रतींचं लेबल तेच, लाल-हिरवं, १८४१ ब्रॉडवे पत्त्याचं. फरक फक्त डेड वॅक्समधल्या 'आरएल' या दोन अक्षरांचा. लेबलवाले तिथे काय करणार?

बीटल्सच्या 'रबर सोल'चंही तेच. ब्रिटिश मोनो प्रतीत मॅट्रिक्सच्या, म्हणजे डेड वॅक्समधल्या कटिंगच्या क्रमांकाच्या, शेवटी -१ असेल तर ती 'लाऊड कट', पुढच्या आकड्यांच्या प्रती आवाजाने बसक्या. लेबल काळं-पिवळंच.

साडेतेहतीस:
मंद्रसप्तक, उदाहरणं पक्की आहेत. पण धागालेखकाची दुसरी तबकडी नेमकी तुमच्या नियमाला अपवाद आहे. 'प्लीज प्लीज मी'च्या मोनो प्रतीवर -१एन हा मॅट्रिक्स पहिल्या दिवसापासून पुढे कित्येक वर्षं तसाच राहिला. १९६३ च्या मार्चमधली प्रत आणि १९६७ ची प्रत, दोन्हींवर -१एन. इथे डेड वॅक्समधला मॅट्रिक्स गप्प बसतो आणि बोलतं ते लेबल.

भोचक भिंग:
अनुमोदन. आणि पार्लोफोनइतकं बडबडं लेबल दुसरं नाही. खरखर, भिंग घ्या आणि खाली लिहिते ते एकेक तपासा.

रंग: 'प्लीज प्लीज मी' २२ मार्च १९६३ ला आली तेव्हा लेबल काळं आणि अक्षरं सोनेरी होती. थोड्याच काळात काळं-पिवळं लेबल आलं. म्हणून काळी-सोनेरी प्रत दिसली की लोकांचे डोळे चमकतात, आणि स्टिरिओ असली तर विचारूच नका. तुमची पिवळी आहे, म्हणजे ती शर्यत संपली. तरी एकदा उजेडात बघाच, कारण झिजलेलं सोनेरी पिवळं दिसू शकतं.

गाण्यांच्या नावाखालचं प्रकाशकाचं नाव: अगदी सुरुवातीच्या प्रतींवर लेनन-मॅकार्टनीच्या गाण्यांखाली 'डिक जेम्स म्युझिक' आहे, नंतर 'नॉर्दर्न साँग्ज'.

कडेने फिरणारं बारीक वाक्य: सुरुवात 'द पार्लोफोन कंपनी'ने होते की 'द ग्रामोफोन कंपनी'ने? पहिलं असेल तर साठच्या दशकाच्या पूर्वार्धातलं, दुसरं असेल तर साधारण १९६५ पासून पुढचं. 'ईएमआय रेकॉर्ड्स' असेल तर १९७३ च्या जुलैनंतरचं, कारण ग्रामोफोन कंपनीने १ जुलै १९७३ ला नाव बदललं.

आणि मधोमध 'सोल्ड इन यूके सब्जेक्ट टू रीसेल प्राइस कंडिशन्स' अशी ओळ आहे का? दुकानदाराने ठरवून दिलेल्या किमतीखाली विकू नये म्हणून ती छापत. १९६९ मध्ये ती लेबलवरून गेली. ही ओळ म्हणजे फुकटात मिळालेली वरची मर्यादा आहे, साडेतेहतीसकाका म्हणतात ती.

निवांत:
एक बाळबोध प्रश्न. कशाला एवढी उठाठेव? लावा आणि ऐका. साल कळल्यावर ट्रम्पेट वेगळं वाजणार आहे का?

मंद्रसप्तक:
वाजतं. आणि धागालेखकाच्याच तबकडीत वाजतं. 'काइंड ऑफ ब्लू'च्या पहिल्या बाजूचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा मुख्य टेपयंत्र जरा हळू फिरत होतं. त्यामुळे योग्य वेगाने वाजवल्यावर ती बाजू किंचित वेगात आणि चढ्या स्वरात येते. १९५९ पासून निघालेल्या सगळ्या प्रती अशाच होत्या. १९९२ मध्ये दुसऱ्या यंत्रावरची राखीव टेप वापरून दुरुस्त आवृत्ती काढली. सोबत वाजवायला बसणाऱ्या वादकांना विचारा, त्या बाजूशी सूर जुळवताना काय व्हायचं.

निवांत:
म्हणजे ज्या पहिल्या आवृत्तीसाठी तुम्ही लोक जीव टाकता, तीच बेसूर? धन्य आहात.

मंद्रसप्तक:
बेसूर नाही हो, चढी. पण मुद्दा मान्य. पहिलं प्रेसिंग म्हणजे सर्वोत्तम, ही अंधश्रद्धाच आहे. पहिलं म्हणजे पहिलं, इतकंच. मात्र कुठलं प्रेसिंग हातात आहे ते कळलं तर काय ऐकू येणार ते आधीच कळतं.

तिरपी सुई:
जॅझवाले आले आहेत म्हणून ब्लू नोटबद्दल लिहिते. लेबलवरून काळ काढायचा तर माझ्या मते याहून रंजक कंपनी नाही, कारण तिथे डिझाइन जवळपास तेच राहिलं आणि पत्ता बदलत गेला. आधी '७६७ लेक्सिंग्टन ॲव्हेन्यू'. १९५७ पासून '४७ वेस्ट सिक्स्टी-थर्ड'. त्याच्यापुढे कधी 'एनवायसी', कधी 'न्यूयॉर्क २३'. साधारण १९६२ पासून नुसतं 'न्यूयॉर्क यूएसए'. कंपनी लिबर्टीकडे गेल्यावर, १९६६ पासून, 'ए डिव्हिजन ऑफ लिबर्टी रेकॉर्ड्स'.

त्यातला 'न्यूयॉर्क २३' मधला २३ बघा. अमेरिकेत १९४३ मध्ये मोठ्या शहरांना असे एक-दोन आकडी टपाल विभाग दिले गेले आणि १ जुलै १९६३ ला पाच आकडी झिप कोड आले. कुठल्याही अमेरिकन लेबलवर किंवा कव्हरवर पत्त्यात पाच आकडी कोड दिसला की १९६३ च्या मध्याआधीचा प्रश्नच मिटला. कंपनी कितीही अनोळखी असो, लेबलचा इतिहास माहीत नसो, ही युक्ती चालते.

आता लेबल आणि डेड वॅक्स दोन्ही का बघायचं ते. ब्लू नोटच्या तबकड्या प्लास्टिलाइट नावाचा कारखाना काढायचा. त्याची खूण डेड वॅक्समध्ये असते, वळणदार 'पी', पण दिसते कानासारखी, म्हणून सगळे तिला 'इअर' म्हणतात. लिबर्टीने कंपनी घेतल्यावर १९६६ मध्ये काम दुसऱ्या कारखान्यांकडे गेलं, पण 'न्यूयॉर्क यूएसए'ची शिल्लक लेबलं मात्र वापरली गेली. म्हणून लेबल जुनं आणि कान नाही, अशा प्रती भेटतात. नुसतं लेबल बघणारा त्यांना १९६४ च्या समजून बसतो.

टवाळ भुंगा:
तिकडे डोळे गेले, इकडे कान. हा धागा ईएनटीवाल्यांकडे वळवावा.

साडेतेहतीस:
:) तिरपी सुई, सुरेख प्रतिसाद. 'डीप ग्रूव्ह'बद्दल तुमचं मत काय? लेबलच्या आत जी खोल वर्तुळाकार खाच असते ती. पुष्कळ लोक ती दिसली की डोळे मिटून पहिलं प्रेसिंग म्हणतात.

तिरपी सुई:
डोळे उघडे ठेवून बघावं. खाच स्टॅम्परमुळे (गाण्याच्या रेघा उमटवणाऱ्या धातूच्या पत्र्यामुळे) पडत नाही, प्रेसच्या साच्यातल्या कड्यामुळे पडते. जुना साचा आणि नवा साचा एकाच कारखान्यात शेजारी शेजारी चालत, त्यामुळे एकाच बाजूला खाच असलेल्या ब्लू नोट तबकड्याही आहेत. खाच म्हणजे साधारण साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचा साचा. अल्बम १९५७ चा आणि खाच नाही, तर शंका घ्यावी. खाच आहे म्हणून लगेच पेढे वाटू नयेत.

गोगलगाय:
अज्ञानी प्रश्न: लेबल चिकटवलेलं असतं ना? मग कोणी जुनं लेबल काढून नव्या तबकडीवर डकवलं तर?

तिरपी सुई:
जमत नाही. लेबलला डिंक नसतोच. कागद भट्टीत सुकवून घेतात, मग गरम व्हायनिलच्या गोळ्याच्या वर आणि खाली एकेक लेबल ठेवून सगळं एकदम दाबतात. तबकडी तयार होताना लेबल तिच्यात रुततं. वरून दुसरं चिकटवलं तर नखालाही कळतं.

मोकळा ढग:
माझ्याकडे एकाच सिम्फनीच्या दोन तबकड्या आहेत, एकीवर कुत्रा आहे आणि एकीवर एंजल. कंपनी एकच म्हणतात. कुत्रा खरा की परी खरी?

साडेतेहतीस:
दोन्ही खऱ्या. कुत्र्यावरून आधी देश ओळखायचा, मग काळ. निपर नावाचा तो कुत्रा. फ्रान्सिस बरोने काढलेल्या मूळ चित्रात तो सिलिंडरच्या फोनोग्राफसमोर बसलेला होता. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने चित्र घेताना त्यावर ग्रामोफोन रंगवून घेतला, आणि १९०९ पासून ते लेबलवर आलं. पण अमेरिकेत त्या चित्राचे हक्क व्हिक्टर कंपनीकडे, म्हणजे पुढे आरसीएकडे. त्यामुळे ग्रामोफोन कंपनीची मालक असलेल्या ईएमआयला आपलं शास्त्रीय संगीत अमेरिकेत विकताना कुत्रा वापरता येईना. तिथे त्यांनी 'एंजल' नाव चालवलं. कोलंबियाचीही हीच कथा उलट बाजूने. इंग्लंडमध्ये 'कोलंबिया' ईएमआयचं, म्हणून अमेरिकन कोलंबियाचं संगीत तिकडे १९६२ पासून 'सीबीएस' या नावाने निघालं.

आरसीएच्या कुत्र्याचा कालक्रमही लक्षात ठेवा. आरसीएच्या 'लिव्हिंग स्टिरिओ' मालिकेच्या काळातला, मागे छटा असलेला 'शेडेड डॉग' १९५८ ते १९६४. नंतर पांढरा 'व्हाइट डॉग' १९६८ पर्यंत. मग कुत्रा गायब, नुसतं नारिंगी-लाल लेबल. १९७६ मध्ये कुत्रा परत आला.

टवाळ भुंगा:
आठ वर्षं कुठे होता?

रात्रपाळी:
हिंदी चित्रपटांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांबद्दल कोणी लिहील का? त्यांच्या लेबलांची वेगळीच गंमत आहे.

भोचक भिंग:
रात्रपाळी, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येते. इथे घातलं तर व्हायनिल राहील बाजूला.

अर्धा टप्पा:
व्हर्टिगो कंपनीचा 'स्वर्ल' कोणी कसा नाही काढला? काळ्या-पांढऱ्या चक्राचं लेबल, १९६९ ते १९७३. एक अख्खी बाजू नुसतं चक्र, सगळी माहिती दुसऱ्या बाजूला. तबकडी फिरायला लागली की चक्र आत आत खेचत नेतं. १९७३ नंतर रॉजर डीनने काढलेल्या अवकाशयानाचं लेबल आलं. काळ ओळखायला इतकं सोपं लेबल नाही. चक्कर आली तर ७३ च्या आधीची.

वर्तुळ:
इथे सगळे जुन्या प्रतींबद्दलच बोलतायत, एक धोका राहिला. हल्लीच्या पुनर्मुद्रणांवर मुद्दाम जुनी लेबलं हुबेहूब छापतात. सिक्स-आय लेबल असलेली किंवा '४७ वेस्ट सिक्स्टी-थर्ड' पत्त्याची नवीन तबकडी आज मिळते. त्यात फसवणूक काही नाही, कव्हरवर कुठेतरी बारकोड किंवा नव्या कंपनीचं नाव असतंच. पण कव्हर हरवून नुसती तबकडी उरली की गोंधळ सुरू.

आणि अस्सल बनावटही असतात. व्ही-जे कंपनीची १९६४ ची 'इंट्रोड्यूसिंग द बीटल्स' ही सर्वात जास्त नकला झालेल्या एलपींपैकी एक. लेबलवर अल्बमचं नाव आणि 'द बीटल्स' हे दोन्ही मधल्या भोकाच्या वर असेल तर पुढचं तपासायला घ्यावं. एक वर आणि एक खाली असेल तर ती नक्कल.

अजून एक खूण सांगतो, कुठल्याही अमेरिकन तबकडीला लागू. वर्तुळातला 'पी'. ध्वनिमुद्रणांना तिकडे १५ फेब्रुवारी १९७२ पासून संघीय कॉपीराइट संरक्षण मिळालं आणि ती खूण लेबलांवर आली. अल्बम १९६५ चा आणि लेबलवर वर्तुळातला पी, तर ती प्रत पहिल्या वर्षाची नव्हे.

खरखर:
बाप रे, एका दिवसात एवढं! भिंग घेऊन बसलो होतो. आता हिशेब देतो.

काइंड ऑफ ब्लू: कण्यावर 'पीसी'. मागे बारकोड आहे. डेड वॅक्समध्ये एका बाजूला सुटं 'टी' अक्षर.
प्लीज प्लीज मी: उजेडातही पिवळीच. कडेचं वाक्य 'द ग्रामोफोन कंपनी'ने सुरू होतं. 'सोल्ड इन यूके' ओळ आहे. 'नॉर्दर्न साँग्ज'. मॅट्रिक्स -१एन. शिवाय डेड वॅक्समध्ये लेबलच्या एका बाजूला ३ आणि समोरच्या बाजूला 'आरओ' अशी दोन अक्षरं आहेत. हे काय?

भोचक भिंग:
मग बीटल्स झाली. ग्रामोफोन कंपनी म्हणजे १९६५ च्या आसपास किंवा पुढे, 'सोल्ड इन यूके' म्हणजे १९६९ च्या आत. तुमची प्रत साठच्या दशकाच्या उत्तरार्धातली, अस्सल ब्रिटिश मोनो. वाईट वाटून घेऊ नका, छान वाजते ती.

तो ३ म्हणजे मदर (जिच्यावरून स्टॅम्पर बनतात ती धातूची प्रत) क्रमांक, आणि 'आरओ' म्हणजे स्टॅम्पर क्रमांक. ईएमआयने त्यासाठी 'ग्रामोफोन लि.' या नावातली अक्षरं वापरली: जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी. ओळीने १ ते ९ आणि शेवटचं डी म्हणजे शून्य. आर दोन, ओ पाच. तुमची तबकडी तिसऱ्या मदरपासून, पंचविसाव्या स्टॅम्परवर निघालेली. डेका कंपनी यासाठी 'बकिंगहॅम' हा शब्द वापरायची, त्यातही बरोबर दहा वेगवेगळी अक्षरं आहेत.

साडेतेहतीस:
काइंड ऑफ ब्लू: 'पीसी' म्हणजे सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतर, बारकोड म्हणजे त्या दशकाच्या अगदी अखेरीस किंवा ऐंशीत. 'टी' म्हणजे कोलंबियाचा इंडियानातला टेरे होट कारखाना. पी असता तर पिटमन, एस असता तर सांता मारिया. १९८४ मध्ये त्याच टेरे होटमध्ये अमेरिकेतला पहिला सीडी कारखाना सुरू झाला. बारकोड कव्हरवर आहे, तबकडीवर नाही, हे मात्र विसरू नका. जुन्या गठ्ठ्यांत कव्हर एकाचं आणि तबकडी दुसऱ्याची असं सर्रास होतं. लेबलवर नंबराआधी 'पीसी'च आहे ना, तेवढं बघून घ्या.

खरखर:
लेबलवरही पीसीच. म्हणजे जोडी मूळची. मग राहिली रशियन, ती तरी ७३ ची?

वर्तुळ:
रात्रपाळींना घाई झाली होती. ५२८९-७३ च्या आधी चार रशियन अक्षरं असतील, त्यांचा उच्चार 'गोस्त'. ते सोव्हिएत सरकारी मानकाचं नाव. ५२८९ हा तबकड्यांच्या मानकाचा क्रमांक आणि ७३ हे ते मानक ठरल्याचं साल. आधी -६१ आणि -६८ होती, नंतर -८० आणि -८८ आली. पुढचं मानक येईपर्यंत हाच आकडा छापला गेला, म्हणून तुमची प्रत १९७३ ते ऐंशीच्या सुरुवातीपर्यंत कधीचीही असू शकते. मेलोदिया १९६४ ची, आणि तिच्या तबकड्या अप्रेलेव्का, लेनिनग्राड, रीगा, ताश्कंद अशा बऱ्याच कारखान्यांत निघत. एकच तबकडी वेगवेगळ्या कारखान्यांतून वेगवेगळ्या रंगांच्या लेबलने आलेली असते, तेव्हा रंगावरून काळ काढू नका. वरच्या बाजूला कारखान्याचं नाव असेल ते कोणाकडून तरी वाचून घ्या.

रात्रपाळी:
तरी सुरुवातीचं साल माझंच बरोबर आलं.

गोगलगाय:
माझा गठ्ठा उघडला. पहिल्याच तबकडीवर एका बाजूला अख्खं हिरवं सफरचंद, दुसऱ्या बाजूला कापलेलं. पत्ता नाही, डोळे नाहीत, कुत्रा नाही. कडेचं वाक्य इतकं बारीक आहे की मोबाइलने फोटो काढून मोठं करतेय.

भोचक भिंग:
ॲपल. बीटल्सची स्वतःची कंपनी, लेबल १९६८ पासून. वाक्य आणि डेड वॅक्स दोन्ही टंकून टाका, आणि मॅट्रिक्स हाताने कोरलेला आहे की ठोकलेला, तेही लिहा.